ओल खाली, छिद्र वर

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शहर मागे पडत असतानाच वाडी लागते. मालमोटारींचे तळ, वाहतूक कंपन्यांची कार्यालये, गोदामे, जवळच आयुध निर्माणी, आणि या सर्वांच्या मधल्या जागांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती. या इमारतींतील बहुतेक घरांना एक छोटी बाल्कनी असते. कागदोपत्री ती बाल्कनी. घरात मात्र तिला गॅलरीच म्हणतात. तिथे कपडे वाळतात, उन्हाळ्यात पापड-कुरडया पडतात, पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवले जाते, आणि सकाळचे सामायिक झाल्यावर घरातील वडीलधारे तिथेच घटकाभर बसतात. घराचा हा सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित भाग.

अशाच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक जैन कुटुंब राहते. त्यांच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि वृद्ध आई. दोन्ही घरांचे पंधरा-सोळा वर्षांचे सख्य. वरच्या घरातील मुले खालच्या गृहस्थांना काकाजी म्हणतच मोठी झाली.

२०२१ च्या पावसाळ्यात खालच्या घराच्या बैठकीत, गॅलरीच्या दारापासून दीड-दोन फूट आत, छतावर बशीएवढा पिवळसर डाग उमटला. पुढच्या वर्षी तो परातीएवढा झाला आणि रंगाचे पोपडे सुटू लागले. तिसऱ्या वर्षी तिथून थेंब गळू लागले. काकाजींच्या आईंची खाट त्याच भिंतीला लागून होती. त्यांना दम्याचा जुना त्रास. तो ओलीच्या दिवसांत वाढू लागला. ओल आणि बुरशी यांचा श्वसनाच्या विकारांशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सविस्तर मांडले आहे. खाट शेवटी आतल्या खोलीत हलवावी लागली, आणि दिवसभर रस्ता पाहत बसण्याचा त्या माउलीचा विरंगुळा गेला.

वरच्या कुटुंबाच्या मनात कसलाही कपटभाव नव्हता. दोन वेळा त्यांनी आपणहून छताच्या रंगाचा खर्च दिला. पर्युषण संपले की मिठाईचा डबा घेऊन ते खाली जात आणि हात जोडून क्षमा मागत. परंतु त्यांच्या स्वतःच्या घरात ओलीचा एक ठिपकाही नव्हता. फरशी कोरडी, भिंती कोरड्या, गॅलरी स्वच्छ. गळतीचे हेच वैशिष्ट्य असते. जिच्या पोटी दोष आहे त्या घराला तो दिसत नाही. आणि ज्याला तो दिसतो त्याच्या हाती दुरुस्ती नसते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहराच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. श्वेतांबर समाजात संवत्सरी नुकतीच झाली होती आणि दिगंबर समाजाचे दशलक्षण पर्व सुरू होते. त्या सकाळी खालच्या घरात बैठकीच्या मधोमध बादली ठेवलेली होती. वरच्या घरातील कर्ते गृहस्थ विचारपूस करायला खाली आले, तेव्हा त्या बादलीशेजारच्या स्टुलावर चार दिवसांपूर्वीचा मिठाईचा डबा तसाच होता. कोणी काही बोलले नाही. क्षमा मागून झाली होती. थेंब मात्र थांबला नव्हता.

जैन तत्त्वज्ञानात एक दृष्टान्त पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. नावेला छिद्र पडले की पाणी आत येऊ लागते, तो आस्रव. ते पाणी नावेत साठून राहते, तो बंध. छिद्र बुजवणे हा संवर, आणि आत साठलेले पाणी उपसून टाकणे ही निर्जरा. तत्त्वार्थसूत्रात सात तत्त्वांचा क्रम सांगताना संवर आधी येतो आणि निर्जरा नंतर. हा क्रम सहेतुक आहे. छिद्र तसेच ठेवून पाणी उपसत बसणाऱ्याचे हात दुखतात, पण नाव बुडायची थांबत नाही. छताला दरवर्षी रंग लावणे म्हणजे संवराविना निर्जरेचा प्रयत्न होता. वरच्या कुटुंबाने हा दृष्टान्त व्याख्यानांत कितीदा तरी ऐकला असेल. तो आपल्या गॅलरीलाही लागू पडतो, हे त्यांच्या ध्यानात आले ते त्या बादलीपाशी.

छिद्र बुजवायचे तर आधी ते सापडले पाहिजे, आणि इथेच बहुतेकांची घाई होते. प्लंबर म्हणाला, बाथरूमची पाइपलाइन. रंगारी म्हणाला, बाहेरच्या भिंतीची चीर. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, काही पाहू नका, फरशीवर फरशी मारून देतो, दोन दिवसांत मोकळे व्हाल.” प्रत्येकाने आपल्या हातातील कामाचेच निदान केले. काकाजींचे आयुष्य मात्र तपासणीत गेले होते. ते म्हणाले, “भाऊ, जरा थांबा. आधी पाणी काय सांगते ते ऐकू.”

त्यांनी स्टुलावर चढून डागाच्या कडेने खडूची रेघ ओढली आणि तिच्याशेजारी तारीख लिहिली. एक वही खाली ठेवली, दुसरी वर. खालच्या वहीत ओल रेघेबाहेर कधी गेली याची नोंद. वरच्या वहीत पाणी कुठे, कधी आणि किती वापरले याची. वरची वही त्या घरच्या सूनबाईंनी सांभाळली.

दिवाळीनंतर पाऊस थांबला, डाग सुकू लागला. बाथरूम मात्र रोज वापरात होते. पाइप फुटलेला असता तर ओल बारमाही राहिली असती. म्हणून बाथरूम सुटले. मग एका कोरड्या रविवारी गॅलरी भरपूर पाण्याने धुतली गेली आणि सोमवारी सकाळी ओल रेघेच्या दोन बोटे बाहेर आली. आकाशात ढग नव्हता, बाहेरच्या भिंतीवर थेंब पडला नव्हता. म्हणजे भिंतही सुटली. दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा शंका एकाच जागी येऊन थांबली. ज्या गॅलरीत ओलीचे नाव नव्हते, पाणी तिथूनच उतरत होते.

डाग गॅलरीच्या खाली नसून दीड-दोन फूट आत, बैठकीच्या छतावर होता, म्हणून इतके दिवस कोणाचा संशय तिकडे गेला नव्हता. पण पाणी जिथे शिरते तिथेच खाली उतरते असे नाही. फरशीखाली वाळू-सिमेंटचा थर असतो. त्यात शिरलेले पाणी उतार मिळेल तिकडे आडवे सरकत जाते, आणि स्लॅबमध्ये जिथे बारीकशी वाट मिळेल तिथून खाली झिरपते. उंबरठ्याखालून ते सहज खोलीत जाते. वरून काही कळत नाही.

आता नेमकी जागा शोधायची होती. पाणसळ लावून पाहिली, तर गॅलरीचा उतार बाहेरच्या जाळीकडे असण्याऐवजी किंचित दाराकडेच होता. दर मीटरला निदान एक सेंटीमीटर उतार बाहेरच्या बाजूला हवा. इथे उलटे झाले होते. रुपयाच्या नाण्याने एकेक टाइल वाजवली. घट्ट बसलेली टाइल भरीव आवाज देते, सुटलेली पोकळ. दाराजवळच्या पाच टाइल्स पोकळ वाजल्या. सांध्यांच्या कडेने पांढरी खारट पूड दिसत होती. तिला लोणा म्हणतात. सिमेंटमधील क्षार पाण्यात विरघळून वर येतात आणि पाणी उडून गेले की मागे राहतात. जिथे लोणा, तिथे पाण्याची ये-जा.

शेवटची परीक्षा पाणी साठवून करायची असते. दहा फूट बाय चार फूट गॅलरीत एक इंच पाणी साठवायचे तर नव्वद लिटरच्या आसपास लागते. अप्कायाचा विचार करणाऱ्या घराला ते सहज ओतवेना. तेव्हा काकाजींनीच तोड काढली. सगळी गॅलरी एकदम न भरता मातीचे छोटे बांध घालून तिचे तीन भाग केले. पाणी गाळून घेतले, त्यात खाण्याचा लाल रंग मिसळला, आणि आधी जाळीच्या बाजूचा भाग भरला. चोवीस तासांत खाली काही दिसले नाही. मग मधला भाग. तरी काही नाही. तिसऱ्या दिवशी दाराजवळच्या भागात दोन बादल्या पाणी साठवले. संध्याकाळपर्यंत खालच्या छतावर ओल फुटली आणि रात्री पडलेल्या थेंबाला गुलाबी छटा होती. वापरलेले पाणी कुंड्यांतील झाडांना गेले.

“टाइल्स तर शाबूत आहेत, मग पाणी गेले कसे?” हा प्रश्न अनेकांना पडतो. टाइल पाणी अडवते ही समजूत अर्धीच खरी. चांगली व्हिट्रिफाइड टाइल आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही, हे खरे. पण फरशी म्हणजे नुसत्या टाइल्स नव्हेत, सांधेही आहेत. दहा बाय चार फुटांच्या गॅलरीत एक फुटी टाइल्स बसवल्या तर मधल्या सांध्यांचीच लांबी ६६ फूट, म्हणजे सुमारे २० मीटर भरते. या सांध्यांना केवळ अर्ध्या मिलिमीटरची चीर पडली तरी सगळ्या चिरा मिळून शंभर चौरस सेंटीमीटरचे भोक होते. चार इंच लांब आणि चार इंच रुंद असे उघडे छिद्र कोणी क्षणभरही सहन करणार नाही. तेच वीस मीटरभर पसरले की डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्म दोषांचेही असेच असते. ते विखुरलेले असतात म्हणून क्षुल्लक वाटतात.

आणि नागपूरच्या हवेत या चिरा पडणारच. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत व त्याहून वर जातो. उन्हात तापलेली फरशी त्याहूनही गरम होते. हिवाळ्यातील पहाटे तीच फरशी गारठते. चाळीस अंशांच्या फरकाने दहा फूट काँक्रीट सुमारे एक मिलिमीटर लांबते आणि आखडते. सांध्यांत भरलेले पांढरे सिमेंट कडक आणि ठिसूळ. ते या हालचालीबरोबर ताणले जात नाही, तडकते. म्हणून वरवरच्या चिरा पांढऱ्या सिमेंटने पुन्हा पुन्हा भरणे फारसे टिकत नाही. टाइल ही घराची शोभा आहे, पाऊल ठेवण्याची सोय आहे. पाण्याचा खरा अडसर तिच्याखाली, स्लॅबवर असावा लागतो. या गॅलरीत टाइल्स उचलल्या तेव्हा तिथे असा कोणताही थर निघाला नाही. कोरड्या हिवाळ्यातही खालची वाळू हाताला ओली लागत होती. पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचे तोंड स्लॅबपासून इंचभर वर बसवलेले होते. टाइलवरचे पाणी तिच्यातून गेले असते. टाइलखाली शिरलेल्या पाण्याला मात्र बाहेर पडायची वाटच नव्हती.

इथवर गोष्ट ओलीची आणि शेजारधर्माची होती. टाइल्सखालचा थर काढल्यावर ती जिवाची झाली. दाराच्या रेषेत स्लॅबच्या वरच्या बाजूला दोन ठिकाणी काँक्रीट फुगले होते आणि आत गंजलेली सळई दिसत होती. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावण्यात आले. त्यांनी समजावून सांगितलेली गोष्ट गॅलरी असलेल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे.

खोलीच्या स्लॅबला दोन्ही बाजूंनी भिंतींचा किंवा बीमचा आधार असतो. भार पडला की तो मध्यभागी खालून ताणला जातो, म्हणून त्याची मुख्य सळई तळाशी असते. भिंतीबाहेर काढलेली गॅलरी मात्र एकाच बाजूला धरलेली असते, पसरलेल्या हातासारखी. ती वरून ताणली जाते, म्हणून तिची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असते आणि सर्वाधिक ताण दाराच्या रेषेत असतो. टाइलखाली मुरणारे पाणी आधी नेमके तिथेच पोहोचते. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा अनेक पट जागा घेते, त्याने काँक्रीट फुटते, मग आणखी पाणी शिरते. खालून पाहणाऱ्याला छतावर डाग दिसतो. गॅलरी ज्या सळयांच्या जोरावर उभी आहे त्या सळया गंजत आहेत हे दिसत नाही. फरशीवर फरशी बसवली असती, तर ओला थर तसाच आत बंद झाला असता आणि त्या दुबळ्या झालेल्या स्लॅबवर नव्या फरशीचे व माल्याचे अडीचशे किलोच्या आसपास वजन वाढले असते.

ही भीती काल्पनिक नाही. १६ जून २०१५ रोजी अमेरिकेतील बर्कली शहरात एका इमारतीची बाल्कनी कोसळून सहा तरुण मुले-मुली मृत्युमुखी पडली. तिथली बाल्कनी लाकडी तुळयांवर होती. आत मुरलेल्या पाण्याने त्या तुळया कुजल्या होत्या. वरून ती नवीकोरी दिसत होती. त्यानंतर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा बाल्कन्यांची ठरावीक मुदतीने तपासणी कायद्याने बंधनकारक केली. लाकूड असो की लोखंड, शत्रू एकच: आत कोंडलेले पाणी.

वाडीतील गॅलरीचे लोखंड अजून वाचण्याजोगे होते. सुटलेले काँक्रीट काढण्यात आले, सळया घासून त्यांना गंजरोधक लेप दिला, आणि पॉलिमर मिसळलेल्या माल्याने जागा भरली. पाण्याच्या नळीचे तोंड स्लॅबच्या पातळीला आणले. मग बाहेरच्या बाजूला नीट उतार काढला. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या काटकोनात पाणी सर्वाधिक रेंगाळते. तिथे माल्याची गोलाई काढली, जिला मिस्त्री ‘वाटा’ म्हणतात. त्यावर पॉलिमर आणि सिमेंटचा जलरोधक लेप दोन हातांत दिला, पहिला उभा तर दुसरा आडवा; कोपऱ्यांत जाळी बसवली. लेप भिंतीवर फूटभर वर आणि उंबरठ्याच्या खालपर्यंत नेला. गच्चीवर जसा विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात तसा इथे घातला नाही. बाहेर काढलेल्या स्लॅबला ते ओझे नको असते. गॅलरीच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने एक खाच ठेवली, म्हणजे कडेवरून ओघळणारे पाणी तळाला चिकटून आत न येता तिथेच सुटून पडते.

यानंतरचा टप्पा अनेक घरे गाळतात: टाइल बसवण्यापूर्वी पाणी साठवून पुन्हा परीक्षा. चुकले असेल तर ते या वेळी लेपाच्या एका हातात सुधारते. टाइल्स बसल्यावर तीच चूक सगळे फोडायला लावते. पाणी साठवलेले असताना काकाजी दोन दिवस खाली छताकडे बघत बसले. खडूची रेघ जिथल्या तिथे राहिली. मगच टाइल्स आल्या, त्याही एकमेकींना चिकटवून नव्हे, तर मध्ये तीन मिलिमीटर अंतर सोडून, आणि सांध्यांत थोडी लवचीक भर घालून.

हे सारे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकले. मे महिन्यातील नागपुरी उन्हात लेप लावताक्षणी सुकतो आणि तडकतो. जूनच्या मध्यापर्यंत पाऊस दाराशी येतो. शिवाय चातुर्मास लागला की पुष्कळ जैन घरे फोडझोड टाळतात. त्यामागे निव्वळ रूढी नाही. पावसाळ्यात जमिनीत, भेगांत, ओल्या कोपऱ्यांत जीवोत्पत्ती सर्वाधिक असते. टाइल्स उचलल्या तेव्हा त्याखाली मुंग्यांची रांग आणि इवले कीटक निघाले. सूनबाई मऊ पुंजणी घेऊन पुढे झाल्या, आणि त्या बाजूला होईपर्यंत मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला. तो या समाजातील नव्हता, पण दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक टाइल उचलण्याआधी आपणच विचारू लागला, “ताई, पाहून घेता का?”

गॅलरीच्या कडेला दर पावसाळ्यात हिरवे शेवाळ धरत असे. शेवाळ हे साधारण वनस्पतिकाय. एका शरीरात अनंत जीव. ते तुडवू नये म्हणून घरातील माणसे चार महिने कडेकडेने चालत, आणि घसरण्याच्या भीतीने कधीतरी ते खरवडून काढावेही लागे. अहिंसेचा विचार आपण बहुधा जीव उत्पन्न झाल्यानंतर करतो. पाणी साचणारच नाही असा उतार ठेवणे, ओल मुरणारच नाही असा लेप देणे, हा त्याआधीचा विचार आहे. यतना या शब्दात हीच आधीची काळजी अभिप्रेत आहे. पाणसळ आणि ओळंबा ही या अर्थाने यतनेचीही साधने ठरतात.

खर्चाचा प्रश्न पुष्कळ इमारतींत मने दुखावतो. स्वतःच्या घरातील नळ, मोरी किंवा फरशी यांतून होणारी गळती सामान्यतः त्या घराने दुरुस्त करायची असते; गच्ची, बाहेरच्या भिंती आणि इमारतीचा सांगाडा ही सर्वांची जबाबदारी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी, आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण सांगितले आहे. नव्या घरांना २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे संरक्षण आहे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळला तर बांधकाम व्यावसायिकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यासाठी तक्रार लेखी आणि मुदतीत हवी. नवे घर घेतलेल्यांनी पहिल्या पावसाळ्यानंतर गॅलरी, मोरी आणि खिडक्यांच्या कडा नीट पाहून ठेवाव्यात.

या इमारतीत मात्र कलमांची वेळ आली नाही. फरशी आणि लेप यांचा खर्च वरच्या कुटुंबाने केला, सळया आणि काँक्रीट यांचा सर्व रहिवाशांनी मिळून. खालच्या छताचा खर्चही वरच्या कर्त्या गृहस्थांनी देऊ केला, तेव्हा काकाजींनी हात वर केला. “रंग आत्ता नको, भाऊ,” ते म्हणाले. “आतली ओल निघू द्या आधी.”

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, दोन्ही अर्थांनी. छिद्र बुजवता क्षणी स्लॅब कोरडा होत नाही. तीन वर्षे मुरलेले पाणी हळूहळू, महिनोन्‌महिने हवेत उडत जाते. त्याआधी रंग चढवला तर आतली वाफ त्याला पुन्हा फुगवते, आणि केलेली दुरुस्ती फसली असा उगाच ग्रह होतो. संवर एका दिवसात घडू शकतो. निर्जरेला वेळ द्यावा लागतो. संबंधांचेही तसेच. त्या दोन घरांत भांडण कधीच झाले नव्हते. पण तीन पावसाळे एकाने सोसले आणि दुसऱ्याला ते पुरते कळले नव्हते, हे अंतर एका दुरुस्तीने एकदम भरून निघणारे नव्हते. ते बोलण्यातून, जाण्यायेण्यातून सावकाश भरत गेले.

२०२४ चा पावसाळा आला आणि गेला. छतावरचा जुना डाग तपकिरी होऊन खडूच्या रेघेच्या आतच राहिला. रेघ एकदाही ओली झाली नाही. आईंची खाट ऑगस्टमध्येच पुन्हा रस्त्याकडच्या भिंतीशी आली. त्या वर्षी क्षमापनेच्या दिवशी वरचे कुटुंब खाली गेले, तेव्हा हातात डबा होता आणि डोक्यावर कोरडे छत. काकाजींच्या आईंनी खाटेवरूनच सूनबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, “वही अजून लिहितेस का, बाई?” ती लिहीत होती. छताला रंग दिवाळीनंतर लागला.